मामांच्या पांढऱ्या पेशी

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. माझ्या माहेरी, सोयगावच्या बाजूला, हीच रीत असल्यामुळे लग्नानंतर जिभेला वेगळं वळण लावावं लागलं नाही. मामा-आत्यांचं गाव फुलंब्रीच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून थोडं आत. आम्ही दोघं शहरात, सिडकोत राहतो. नवरा बिडकीनकडच्या एका कंपनीत पाळीवर जातो आणि मी गेली चौदा वर्षं एका लॅबमध्ये रक्त तपासते. बायोडाटात लिहायला हे काम साधं वाटतं. प्रत्यक्षात दिवसभर लोकांच्या भीतीशी बोलावं लागतं, हे डिप्लोमा करताना कुणी सांगितलं नव्हतं.

संक्रांतीनंतरच्या एका लग्नासाठी मामा-आत्या चार दिवसांच्या बोलीवर आमच्याकडे आले, तेव्हाची ही गोष्ट. कार्यालयात अक्षता टाकताना निम्मा मांडव खोकत होता. मला ते ऐकू येत होतं, कारण त्या पंधरवड्यात आमच्या लॅबमध्येही तेच चाललं होतं. सकाळी शटर वर जायच्या आधी पायरीवर मफलर गुंडाळलेली माणसं बसलेली असायची. जांभळ्या टोपणाच्या नळ्यांनी रॅक भरून जायचे. सगळ्यांच्या चिठ्ठीवर एकच तपासणी, सीबीसी. म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजदाद. मशीनला नळी दिली की मिनिटभरात आकडे छापून येतात, आणि त्यात लोकांची नजर जाते ती पांढऱ्या पेशींवर. टाचणीच्या डोक्याएवढ्या रक्तात साधारण चार हजार ते अकरा हजार असल्या म्हणजे ठीक.

त्या दिवसांत मशीनमधून आकडे बारीकच निघत होते. तीन हजार आठशे, साडेतीन हजार, तीन हजार दोनशे. ताप एकशे तीन, अंग ठणकतंय, घसा धरलाय, आणि पांढऱ्या पेशी मात्र कमी. आमच्या लॅबमध्ये एक वयस्कर टेक्निशियन आहेत. त्यांना आम्ही सगळ्या उस्ताद म्हणतो, कारण आमच्यापैकी प्रत्येकीला त्यांनीच शिकवलं. ते कागद हातात धरायचे आणि चष्म्यावरून बघत म्हणायचे, "देख बेटा, और एक व्हायरल." मग लगेच बोट उचलून, "लेकिन बोलना नक्को. बोलने का काम डॉक्टर का."

लग्नाहून आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मामा अंथरुणातून उठले नाहीत. हा माणूस रोज पाचला उठून आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभा राहतो आणि समोरच्या इमारतींच्या मधून जेवढं आभाळ दिसतं तेवढं बघून घेतो. आत्यांनी चहा नेला तर म्हणाले, "ठिव तिथं." आत्या स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाल्या, "बाई, चहा ठिव म्हणले. काई तरी लई झालंय." मी जाऊन कपाळाला हात लावला. चटका बसला. थर्मामीटरनं एकशे दोनच्या वर दाखवलं. खोकला कोरडा होता आणि पाठ, मांड्या, डोळ्यांच्या खोबण्यासुद्धा दुखतायत म्हणाले.

कॉलनीच्या कोपऱ्यावर ज्या डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे, त्यांच्याकडे मी मामांना रिक्षानं नेलं. खुर्चीत बसता बसताच मामांनी आपला उपचार सांगून टाकला.

"बाई, एक सुई मारा कडक आन एक बाटली लावा. उद्या मला गावाला जायचंय, मोसंबीला पाणी द्यायचंय."

डॉक्टरबाईंनी त्यांची छाती पुढून-मागून ऐकली. घसा पाहिला. बोटाला ऑक्सिजनची चिमटी लावली, ती सत्त्याण्णव दाखवत होती. घशातून स्वॅब घेतला. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "मामा, सुई आहे. पण द्यायची नाही, रक्त काढायची."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हिनंच आतून सांगून ठेवलेलं दिसतंय.

रक्त मीच काढलं. मामांच्या हाताची शीर सुतळीएवढी, नवख्या मुलीलाही पहिल्या झटक्यात सापडेल अशी. तासाभरात रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी एकतीसशे. स्वॅबमध्ये फ्लू निघाला. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "अंदाज होताच. छाती साफ आहे, पेशी कमी आहेत, सगळं त्याच बाजूला जातंय. फ्लूच्या कॅप्सूल देते, तापाची गोळी, गरम पाणी, आराम. अँटिबायोटिकची आज गरज दिसत नाही. पण एक लक्षात ठेव, ताप उतरून पुन्हा चढला तर वाट बघायची नाही. लगेच घेऊन यायचं."

मी घरी येऊन औषधं दिली आणि रिपोर्ट दाखवला. इथं माझं चुकलं. काउंटरवर मी लोकांना रोज सांगते तेच मामांना सांगितलं, की पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक.

"आपल्याला किती पायजे व्हते?" मामांनी विचारलं.

"चार हजाराच्या वर."

"आन हायेत एकतीसशे."

"हो."

त्यांनी कागद उलटा करून बघितला. मग म्हणाले, "म्हंजी बाकीचे मेले."

"नाही मामा, तसं नसतं."

"मग पळाले का?"

आत्यांना हसू आवरेना, त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. मामा भिंतीकडे तोंड करून झोपले. दुपारी त्यांनी ताटातली भाकरी जेमतेम चतकोर खाल्ली. संध्याकाळी पुतण्याचा फोन आला तेव्हा त्याला खोल आवाजात म्हणाले, "आपलं सैन्य संपत आलंय रे. बागंकडं लक्ष ठिव." त्यानंतर गावातून लागोपाठ फोन सुरू झाले. मामांच्या एका चुलत भावानं तर मला विचारलं, रक्त द्यायला किती माणसं घेऊन येऊ. जीपमध्ये दहा बसतात म्हणाला. मी त्याला कसंबसं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघायच्या आधी मी मामांच्या उशाशी बसले आणि सैनिक बाजूला ठेवून पुन्हा सांगितलं. या पेशी हाडांच्या आत तयार होतात. रक्त म्हणजे त्यांचा जायचा-यायचा रस्ता. व्हायरसचा आजार आला की त्यातल्या बऱ्याच पेशी रस्ता सोडून शरीरात जिथं काम आहे तिथं जाऊन बसतात, आणि काही दिवस नव्या पेशीही जरा कमीच बाहेर पडतात. आपण नळीत घेऊन मोजतो त्या फक्त रस्त्यावरच्या पेशी.

मामा उशीवर जरा वर सरकले. अंगात ताप होता, पण डोकं चालू होतं.

"म्हंजी भर दुपारी आपल्या गावात यिऊन माणसं मोजल्यावानी," ते म्हणाले. "सगळी रानात. पारावर चार म्हातारे. मोजणारा म्हनंल, गावच ओस पडलं."

"जवळपास तसंच," मी म्हणाले.

"मग सरळ आसं सांगायचं ना. सैन्य-बिन्य काहून सांगितलं?"

त्यानंतर त्यांनी चहा मागितला. मीही त्या दिवसापासून काउंटरवर सैनिक वापरायचं बंद केलं.

त्याच दिवशी दुपारी लॅबचं मशीन बंद पडलं. आत कुठं तरी नळी तुंबली होती, आणि इंजिनिअर पुण्याहून यायला दोन दिवस लागणार होते. रॅक भरलेले, काउंटरवर माणसं उभी. नव्या मुलींचे चेहरे उतरले. उस्ताद मात्र एकदम तरुण झाले. त्यांनी कपाटाच्या तळातून मखमली डबी काढली, त्यातली मोजणीची जाड काच रुमालानं पुसली आणि म्हणाले, "चलो. अब असली काम."

हाताने मोजणं मी कॉलेजात शिकले होते आणि उस्तादांनी ते पक्कं करून घेतलं होतं. व्हिनेगरसारखा वास येणारं एक जांभळट द्रावण असतं. त्यात मापून रक्त मिसळलं की तांबड्या पेशी विरघळून जातात आणि पांढऱ्या तेवढ्या उरतात. थेंब त्या काचेवर सोडायचा. काचेवर बारीक रेघांचे चौकोन कोरलेले असतात. सूक्ष्मदर्शकातून चारी कोपऱ्यांतल्या चौकोनांतल्या पेशी मोजायच्या, बेरीज करायची आणि पन्नासनं गुणायची. एका नळीला मशीनच्या दहापट वेळ लागतो. संध्याकाळपर्यंत माझी मान आखडली आणि डोळे मिटले तरी रेघा दिसायला लागल्या.

चौथ्या दिवशी मामांचा ताप उतरला. डॉक्टरबाईंनी पुन्हा एकदा पेशी बघू म्हणून सांगितलं. मी घरीच रक्त घेणार होते, पण मामांनी शर्टाच्या गुंड्या लावल्या, टोपी घातली आणि म्हणाले, "मी येतो तिथं. मोजताना बघायचंय." आत्या म्हणाल्या, त्यांना एकट्याला सोडायचं नाही, मी पण येते. दोघांना मास्क लावून मी रिक्षात बसवलं.

दुपारची वेळ होती, गर्दी ओसरली होती. मी रक्त घेतलं, द्रावणात मिसळलं, काचेवर थेंब सोडला आणि चार कोपरे मोजले. वीस, अठरा, एकवीस, एकोणीस. उस्तादांनी मामांना स्टुलावर बसवलं.

"चाचा, नक्को हिलो. एक आँख लगाके देखो."

मामांच्या त्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्याच वर्षी झालं होतं, त्यामुळे त्यांना स्वच्छ दिसलं. किती तरी वेळ ते हलले नाहीत. मग नजर न काढता म्हणाले, "हे निळे-जांभळे ठिपके माहे?"

"तुमचेच," मी म्हणाले.

"आन ह्या रेघा?"

"काचेवर आहेत. मोजायला सोपं जावं म्हणून. चार कोपऱ्यांतल्या मोजायच्या आणि गुणायचं."

मामांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच माझ्या कामाबद्दल ओळखीचा भाव पाहिला. गावात मोसंबीच्या बागेत फळ किती आहे याचा अंदाज घ्यायला मामांना लांबून बोलावणं येतं. सगळी बाग कुणी मोजत नाही. ते चार ठिकाणची झाडं निवडतात, तेवढ्यांची फळं मोजतात आणि पूर्ण बागेचा आकडा सांगतात, आणि तोडणी झाल्यावर तो फार चुकलेला नसतो. मी एवढ्या वर्षांत हे त्यांच्याकडून कितीदा ऐकलं असेल, पण माझ्या काचेशी त्याचा काही संबंध आहे हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"ह्ये तर आमचंच काम," मामा म्हणाले. "थांब, एक कोपरा मी मोजतो."

उस्तादांनी त्यांना पहिला कोपरा लावून दिला. मामा ओठ हलवत मोजत होते, मधेच पुन्हा पहिल्यापासून. शेवटी म्हणाले, "एकोणीस."

"मला वीस आल्या होत्या," मी म्हणाले.

"एकोणीसच हायेत. एक रेघंवर बसलीय, ती मी धरली नाय. बांधावरचं झाड कुणाचं म्हणायचं?"

उस्ताद खुर्चीतून उठून आले. त्यांचा हा आवडता विषय. आमच्यापैकी प्रत्येकीला पहिल्या आठवड्यात त्यांनी हाच प्रश्न विचारलेला आहे, आणि आम्ही कुणीच तो आपणहून काढला नव्हता. ते म्हणाले, "चाचा, कायदा है. वरच्या रेघेवरची आणि डाव्या रेघेवरची आपली. खालची और उजवी, वो शेजारवाले की."

"प्रत्येक चौकोनाला हाच कायदा?"

"हौ. हर एक को."

मामांनी दोन बोटांनी हवेत चौकोन काढून बघितला. मग दुसरा, त्याला लागून. ते जुळतंय हे पटल्यावर हसायला लागले, आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "ह्यो कायदा आमच्या शिवारात लागू करा. निम्मे तंटे मिटतील." उस्तादांनी त्यांच्यासाठी चहा सांगितला. ती पेशी वरच्या रेघेवरची, म्हणजे आपलीच निघाली, तेव्हा एकूण बेरीज अठ्ठ्याहत्तरच, म्हणजे तीन हजार नऊशे. आठशे वाढल्या होत्या.

चहा येईपर्यंत आत्या बाकावर बसल्या होत्या, आणि मास्कच्या आत बारीक खोकत होत्या. उस्तादांनी मला विचारलं, "चाची का देखा क्या?"

मी आत्यांकडे वळले. त्या म्हणाल्या, "मला काय झालंय. दोन दिस अंग मोडून आलं व्हतं, आता बरंय."

"ताप होता?"

"आसंल थोडा. कोण बघत बसतंय."

दोन दिवस त्या तव्यापुढं उभं राहून भाकऱ्या थापत होत्या, मामांच्या पायांना तेल लावत होत्या, आणि मी त्यांच्या शेजारून रोज डबा घेऊन बाहेर पडत होते. शहरभरातल्या अनोळखी माणसांचं रक्त मी तपासलं आणि घरातली आजारी बाई मला दिसली नाही. मी त्यांना तिथंच बसवून रक्त घेतलं आणि डॉक्टरबाईंना फोन करून सांगितलं.

चार कोपऱ्यांत मिळून अठ्ठ्याण्णव पेशी भरल्या. चार हजार नऊशे. मी आकडा सांगितल्यावर मामांनी चहाचा कप खाली ठेवला.

"माह्यापेक्षा हजार जास्त?"

"हो."

"नीट मोजलं का? बांधावरच्या धरल्या का जास्तीच्या?"

उस्तादांनी गंभीर चेहऱ्यानं दुसरा थेंब घेऊन पुन्हा मोजलं. "सौ," ते म्हणाले. "पाँच हजार."

"राहू द्या आता," मामा म्हणाले.

आत्यांनी माझ्याकडून रिपोर्टचा कागद मागून घेतला, चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत ठेवला, आणि घरी जाताना रिक्षात त्यांनी मला तीनदा विचारलं, पाच हजार म्हंजी चांगल्याच ना.

त्यानंतरचे दोन दिवस आनंदात गेले. मशीन दुरुस्त झालं. मामा गॅलरीत बसून मोसंबीच्या चौकशा करत होते, आत्यांना डॉक्टरबाईंनी सक्तीनं झोपवलं होतं आणि भाकऱ्या मी करत होते, माझ्या जरा जाडच होतात, त्यामुळे दोघंही एकमेकांकडे बघून जेवत होते. शनिवारी त्यांना गावी सोडायचं ठरलं.

शुक्रवारी दुपारी मी जेवायला घरी आले तर मामा पांघरुणात कुडकुडत होते. ताप एकशे तीन. आत्या म्हणाल्या, उरलेलं निघत असेल, पण मामांनी मान हलवली.

"नाय. ह्यो ताप येगळा हाये. मागचा सगळ्या अंगात व्हता. ह्यो हितं बसलाय." त्यांनी उजव्या बरगडीखाली हात ठेवला. "श्वास घेतला की टोचतंय. मोज तू."

खोकल्यातून पिवळा कफ पडत होता. मला डॉक्टरबाईंचं वाक्य आठवलं. मी घरीच रक्त घेतलं, नळी पर्समध्ये टाकली, मामांना दवाखान्यात बसवलं आणि तशीच लॅबमध्ये गेले. मशीननं आकडा छापला, सोळा हजार चारशे. पांढऱ्या पेशींतली जी जात बॅक्टेरियावर धावून जाते, तीच त्यात जवळजवळ सगळी. उस्तादांनी कागद पाहिला आणि या वेळी बोट उचललं नाही. नुसतं म्हणाले, "जल्दी जा."

परत आले तेव्हा डॉक्टरबाईंना छातीत उजव्या बाजूला खालच्या अंगाला आवाज सापडला होता. एक्स-रेमध्ये तिथंच पांढुरका डाग निघाला. फ्लू ओसरता ओसरता दुसऱ्याच जंतूंनी न्यूमोनिया केला होता. मामांना जवळच्या हॉस्पिटलात दाखल केलं आणि तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं.

नवरा शिफ्ट संपवून थेट हॉस्पिटलात आला. त्यानं मामांच्या उशाशी खुर्ची ओढली. माझ्या मनात मात्र एक प्रश्न होता. पहिल्या दिवशी मामांनी कडक सुई मागितली होती. माझ्या एकतीसशेच्या आकड्यामुळे ती दिली गेली नाही का? दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरबाईंना हे विचारलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी तुझ्या आकड्यावर थांबले नव्हते गं. छाती ऐकली होती, ऑक्सिजन पाहिला होता, स्वॅबमध्ये फ्लू निघाला होता. पहिल्या दिवशी अँटिबायोटिक देऊन हे टळलं असतं असं मला वाटत नाही. वय झालेल्या माणसाला फ्लूनंतर असं कधी कधी होतं. म्हणूनच परत ताप आला तर लगेच ये म्हटलं होतं, आणि तू दोन तासांत आणलंस."

मी तिथं थोडी रडले. बाहेर पेशंट बसलेले होते म्हणून लवकर आवरलं.

मामांचा ताप तिसऱ्या दिवशी गेला. पेशी अकरा हजारांवर आल्या, मग आठ हजारांवर. इकडे वॉर्डात त्यांची ओळख झाली होती. शेजारच्या खाटेवर पैठणकडचे एक गुरुजी होते, त्यांना मामा हाताच्या बोटांनी चौकोन करून वरची रेघ आपली, खालची शेजाऱ्याची, हे समजावत होते. मी गेले की विचारायचे, "आज किती?" मी आकडा सांगायची, ते गुरुजींना सांगायचे, आणि दोघं मिळून त्यावर बराच वेळ बोलायचे. नर्स इंजेक्शन घेऊन आली की मामा हात आधीच पुढं करायचे. आत्या म्हणाल्या, "झालं ना मनासारखं? सुई पण आन बाटली पण."

"व्हय," मामा म्हणाले. "पण आता कळलं, का दिली ते."

गावी गेल्यावर अशक्तपणा महिनाभर टिकला, मग तोही गेला. त्याच्या जागी नवा उद्योग सुरू झाला. गावात कुणाला ताप आला की त्याचा रिपोर्ट मामांकडे यायला लागला. कुणाच्या तरी मोबाइलवरून त्याचा फोटो माझ्याकडे यायचा आणि पाठोपाठ मामांचा फोन. "पस्तीसशे हायेत. म्या सांगितलं, व्हायरल हाये, पड घरी." पहिल्या दोन-चार वेळा मला गंमत वाटली. पावसाळ्यात मात्र एका शेजाऱ्याला असंच घरी बसवलं, आणि आठ दिवसांनी त्याला टायफॉइड निघाला. तो बरा झाला, पण मी मामांवर पहिल्यांदा आवाज चढवला.

"मामा, टायफॉइडमध्ये पण पेशी कमी होतात. डेंग्यूत पण होतात. नुसत्या आकड्यावर मीसुद्धा काही सांगत नाही. तुम्ही कसं सांगता?"

मग मामा म्हणाले, "बाग बघितल्याबिगर नुसती चार झाडं मोजून सांगितलं म्हण की." आणि थोडं थांबून, "चुकलं माहं." सासऱ्यांनी सुनेला हे म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मी फोन आत्यांना द्या म्हटलं. तेव्हापासून कुणी रिपोर्ट घेऊन आलं की मामा आधी विचारतात, डॉक्टर काय म्हणला, आणि डॉक्टरला दाखवलेलं नसेल तर कागदाला हात लावत नाहीत.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना डॉक्टरबाईंनी मामांना फ्लूची लस घ्यायला बोलावलं. मी सांगितलं, बुधवारी या, मी सुट्टी घेते. बुधवारी दहाच्या सुमाराला खाली जीप थांबली आणि तिच्यातून मामांसकट सहा जण उतरले. सगळे सत्तरीच्या आसपासचे, सगळ्यांच्या डोक्यावर इस्त्रीच्या टोप्या. दवाखान्यातल्या बाकावर ते एका ओळीत बसले तेव्हा बाकीच्या पेशंटना उभं राहावं लागलं. डॉक्टरबाईंनी एकेकाला आत घेऊन तपासलं, विचारपूस केली आणि लस दिली. एक जण बाही खाली करत म्हणाला, लई हळू टोचली, लागली का नाय तेच कळंना.

दुपारी सगळे आमच्याकडे जेवायला आले. मी वांग्याची भाजी, ज्वारीच्या भाकरी आणि ताक केलं होतं. दोन गठ्ठे भाकरी शेजारणीनं थापून दिल्या. जेवण झाल्यावर मी हॉलमधला पंखा लावला, सतरंज्या टाकल्या, आणि सहाही जण डाव्या दंडाला जपत उजव्या कुशीवर झोपले. पाचला चहा घेऊन ते जीपमध्ये बसले. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाचा फोन आला, की दंड दुखतोय. मी म्हटलं, दुखतो एक-दोन दिवस, काळजी करू नका. तिसऱ्या दिवशी त्याचा पुन्हा फोन आला, की आता दुखायचा थांबलाय, ह्याला काय करायचं.